दाराकडची पेटी

आमच्या घरात मत दोघांना होतं, एक बाबांना आणि दुसरं पारूआत्याला. आईला नव्हतं. त्या काळी मत माणसाला नसायचंच, जमिनीला असायचं. ज्याच्या नावावर ठरावीक शेतसारा लागे त्याचंच नाव पटवाऱ्याच्या यादीत चढे. त्यामुळे आमच्या गावात डोकी पाचशेच्या वर आणि मतं चाळीसेक, आणि त्या चाळिसांत बाई एकच. पारूआत्या ही बाबांची थोरली बहीण. ऐन उमेदीत तिचा नवरा गेला, मूलबाळ झालेलं नव्हतं, आणि आमच्याच शिवारात असलेली नवऱ्याची जमीन तिनं दिरांना सोडली नाही. त्यावरून चावडीवर गाव बसलं तेव्हा बापूसाहेबांनी, म्हणजे आमच्या गावच्या सगळ्यांत मोठ्या जमीनदारांनी, चारचौघांत सांगितलं होतं, "बाईमानसाच्या नावावर वावर म्हनजे गावाले बट्टा हाय." आत्या ते ऐकून घरी आली, भाकर खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पायी मंगरूळपीरला तहसिलीत गेली. अशा किती खेपा केल्या ते तिनं कधी मोजलं नाही, पण कागदावर नाव चढवूनच थांबली. एकदा म्हणे कोणीतरी तिचा अंगठा भलत्याच कागदावर उठवून घेणार होतं, तेव्हापासून तिनं मनाशी ठरवलं की घरातली पुढची पोरगी वाचायला शिकेल. ती पुढची पोरगी मी. मुलांच्या शाळेत आम्ही दोनच मुली होतो, आणि मी चौथी पास होईपर्यंत बाबांनी जेवढ्या वेळा मला घरी बसवायचं काढलं, तेवढ्या वेळा आत्या त्यांच्याशी भांडली.

आमचं घर नाल्याकाठी, बागाईत करणाऱ्या सहा घरांच्या ओळीत होतं. वांगी, मिरच्या, कांदे, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मंगरूळपीरच्या बाजाराच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत बाबांची बंडी निघे आणि ओल्या मेथीचा वास मागं अंगणात रेंगाळत राही. माझ्या लहानपणाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी मोटेचा सांगेन. चाकाची कुरकुर, मग मोट थारोळ्यात रिकामी होताना धबाक करून पडणारं पाणी, आणि बैलांना मागं सरकवताना बाबांनी लावलेला सूर. बाबा एरवी मुके होते म्हणा ना, पण मोटेवर गात. ती विहीर मात्र आमची नव्हती. बापूसाहेबांची होती, आणि सहा घरांना आठवड्यात एकेक दिवसाची पाळी त्यांनी वडलांच्या काळापासून लावून दिलेली होती. त्याबद्दल ते काही मागत नसत. त्यांच्या घरी कार्य असलं की आम्ही वांग्यांच्या टोपल्या पाठवायच्या आणि रस्त्यानं ते येताना दिसले की बाबांनी खांद्यावरचा शेला काढून हातात धरायचा, एवढंच. काही मागत नाही त्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे आमच्या ओळीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

आत्या आमच्याकडेच राही. तिच्या डोळ्यांत पडदा आला होता. उजेड-अंधार कळे, माणूस उभा आहे की गाय ते कळे, रंग मात्र पार गेले होते. पण स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. मिरच्यांची रास अंगणात पडली की ती पुढं बसे आणि मी तिच्या शेजारी. ती एकेक मिरची उचलून माझ्यासमोर धरी, मी म्हणे "लाल", ती उजवीकडे टाकी. मी म्हणे "हिरवी", ती डावीकडे टाकी. कधी मी कंटाळून सगळ्याच लाल म्हणत सुटे. मग ती मिरची नाकाशी नेई आणि म्हणे, "सुभे, गंमत करू नको वं माय. माहे डोळे हायेस तू." असं कोणी म्हटलं की चौदा वर्षांच्या पोरीला काय वाटतं? मला त्या वेळी कंटाळाच येई, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी हिवाळ्यात कौन्सिलाची निवडणूक आली. बापूसाहेब उभे राहिले आणि त्यांच्यासमोर मंगरूळपीरचे एक खादीवाले वकील. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी सरकारनं रंगीत पेट्या काढल्या होत्या. बापूसाहेबांची तांबडी, वकिलांची पिवळी. चिठ्ठी घ्यायची, पडद्याआड जायचं आणि हव्या त्या पेटीत टाकायची. बापूसाहेबांची माणसं सांगू लागली, तांबडा म्हणजे मारुतीच्या शेंदराचा रंग, देवाचं मत वाया घालवू नका. वकिलांची पोरं सांगू लागली, पिवळा म्हणजे खंडोबाचा भंडारा. दोन्ही देव आमचेच असल्यामुळे गावाची मोठी पंचाईत झाली. ज्यांना मत नव्हतं ते जास्त तावातावानं भांडत. पारावर रोज संध्याकाळी राजकारणाचा असा धुरळा उडे की जनावरं घरी आली तरी कोणाचं लक्ष नसे.

एका दुपारी वकील स्वतः आमच्या ओळीत आले. पुरुषमाणसं वाफ्यांत होती, अंगणात मी आणि आत्याच. त्यांनी वहाणा बाहेर काढल्या आणि आत्याला हात जोडले. "बाई, यादीत तुमचं नाव आहे. तुमचं मत मागायला आलो."

"माह्या भावाले विचारा, भाऊ. तो वावरात हाय," आत्या म्हणाली.

"भावाचं मत भावाकडे मागेन. हे तुमचं आहे. तुम्हालाच मागायला पाहिजे."

आत्यानं पदर सारखा केला. मग मला म्हणाली, "सुभे, भाऊले पानी दे." ते पाणी पिऊन गेले. त्या संध्याकाळी ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी करता करता आत्यानं ही हकीकत आईला तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तर आमटी ढवळायची थांबून म्हणाली, "मले मागतलं त्यानं. गनपतले नाई, मले." आजवर तिच्याकडे कोणी काही मागितलं होतं ते फक्त ती जमीन सोडावी म्हणून.

मग बापूसाहेबांच्या कारभाऱ्यानं मारुतीच्या देवळात बेल-भंडार उचलायला सगळ्यांना बोलावलं. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं. देवासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन एखादी गोष्ट कबूल करायची, आणि ती मोडली तर घराचं वाटोळं होतं अशी समजूत होती. कोर्टातली शपथ मोडणारी माणसंही बेल-भंडार मोडत नसत. आमच्या ओळीतल्या एकेकानं पुढं होऊन पान उचललं. आत्याही गेली होती. तिचं नाव यादीत असल्यामुळे तिनंही उचलायला हवं होतं, पण पुजारी म्हणाला, रांडवबाईनं देवाच्या भंडाऱ्याला हात लावू नये. कारभारी अडला. शेवटी तो बाबांना म्हणाला, "गनपत, तूच उचल दोघांचं." बाबांनी पुन्हा पान उचललं, आणि कारभाऱ्याचं तेवढ्यानं समाधान होईना म्हणून आईच्या कडेवरच्या दगडूच्या डोक्यावर हात ठेवला. "माह्या घरातली दोन्ही मतं तांबड्या पेटीत."

हा दगडू माझा भाऊ. माझ्यानंतर आईची तीन बाळं गेली होती. हा जगावा, देवाची नजर त्याच्यावर जाऊ नये म्हणून असं दगडाधोंड्याचं नाव ठेवलं होतं. त्या हिवाळ्यात त्याला डांग्या खोकला झाला होता. खोकता खोकता निळा पडे आणि मग घशातून असा काही हुंकार निघे की चुलीपाशी बसलेली आई हातातलं पीठ तसंच टाकून धावे.

देवळातून घरी येताना आत्या माझा हात धरून चालत होती. ती हळूच म्हणाली, "मी काई उचललं नाई. मले हातच लावू देल्ला नाई. म्हनजे मी मोकळी हाओ." आणि चक्क हसली. मला तिची हुशारी एवढी आवडली की घरी गेल्यावर मी ती आईला सांगून टाकली. माझी पहिली चूक ही. आईनं तवा उतरवला, दगडूला जवळ ओढलं आणि किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

मतदान शाळेत व्हायचं होतं. आदल्या दिवशी मास्तरांनी आम्हा दोघी मुलींना वर्ग सारवायला बोलावलं. आमचं सारवून झालं तोच तहसिलीचा कारकून आला आणि मागच्या खोलीत पेट्या मांडल्या. पिवळी खिडकीकडे, तांबडी दाराकडे. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घरी आले तर आई अंबाडीची भाजी खुडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "पाह्यल्या पेट्या?" मी म्हटलं, पाहिल्या. "तुही आत्या तुलेच इचारन." दगडू झोळीत खोकला. आई भाजी खुडायची थांबली. "तुह्या बावानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला हाय, सुभे. काय सांगाचं ते आता तुले समजते." एवढंच म्हणाली. रागावली नाही, रडली नाही. ती रडली असती तर कदाचित मी तिच्याशी भांडले असते.

सकाळी आत्यानं न्हाऊन घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं. जणू तिचंच लग्न होतं. बाबा पुढं गेले होते, कारण वांग्यांच्या टोपल्या देवळात पोचवायच्या होत्या. मतं टाकून झाली की बापूसाहेबांकडून रोडग्यांचं जेवण होतं आणि रश्श्याला वांगी आमच्या मळ्यातली. वाटेत आत्यानं विचारलं.

"सुभे, पिवळी कोनत्या बाजूनं हाय?"

"दाराकडची, आत्या."

"म्हनजे आत शिरताना पहिली?"

"हो. पहिलीच."

"दाराकडची, पहिली," ती पुटपुटली. पुढचा सगळा रस्ता ती ते मनाशी घोकत होती. मी तिचा हात धरला होता आणि तो गरम होता. शाळेच्या दारात तिनं माझा हात सोडला, कारकुनाकडून चिठ्ठी घेतली आणि पडदा चाचपत एकटी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा उजळला होता की रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं थट्टा केली, "पारूबाई, दरबारातून येऊन राह्यल्या काय?" त्या दिवशी यादीतलं एकही माणूस घरी राहिलं नाही. लकवा झालेल्या एकाला बाजेवर घालून आणलं, बापूसाहेबांच्या खिल्लारांच्या घुंगरांनी रस्ता दणाणला, आणि ज्यांना मत नव्हतं ते रोडगे खायला आले. आत्या काही जेवली नाही. म्हणाली, आज भूकच नाही.

निकाल लागला आणि वकील निवडून आले. बाकीच्या गावांनी त्यांना भरभरून मतं दिली होती. आमच्या गावची पिवळी पेटी मात्र उघडली तेव्हा रिकामी निघाली. एकही चिठ्ठी नाही. बापूसाहेब हरले खरे, पण त्यांच्या कारभाऱ्यानं ही गोष्ट पारावर मोठ्या दिमाखानं सांगितली, की बाकीचा तालुका बेइमान निघाला, आपलं गाव नाही.

आत्यानं ते ऐकलं आणि अंगणात सगळ्या ओळीसमोर म्हणाली, "रिकामी कशी निघन? मी टाकली ना चिठ्ठी पिवळ्या पेटीत."

बाबांच्या हातातला विळा खाली पडला. "बाई, तू... म्या दगडूच्या डोक्यावर हात ठेवला होता!"

"तुह्या हाताचं तू पाह्य. म्या कोनाच्या डोक्यावर हात ठेवला नाई."

बाबा दगडूच्या झोळीकडे वळले. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पेटी रिकामी होती आणि दगडूचा खोकलाही त्याच आठवड्यात उतरणीला लागला होता. त्यांनी कपाळाला हात लावला. "मारुतीनं वाचवलं. देवानंच चिठ्ठी फिरवली." शेजारणीनं जागच्या जागी हात जोडले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मारुतीनं आंधळ्या पारूबाईचं मत पिवळ्या पेटीतून उचलून तांबडीत टाकलं. देवळात नारळ फुटले. आईनंही एक फोडला, आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. तो तुकडा मी गुरांच्या गव्हाणीत टाकला.

आत्याचा मात्र या चमत्कारावर मुळीच विश्वास बसला नाही. "देवाले दुसरे कामं नाईत काय?" ती म्हणे. "हे कागदाचं काम हाय. मोजनाऱ्यानं खाल्ली माही चिठ्ठी." लोक हसत. पोरं तिच्यामागं "खाल्ली, खाल्ली" म्हणत फिरत. मी एक वाक्य बोलले असते तर ते सगळं थांबलं असतं. रोज सकाळी वाटे, आज सांगावं, आणि रोज काहीतरी काम निघे. आता वाटतं, ती कामं मीच काढत होते.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी आत्या मला घेऊन तहसिलीत गेली. दोन-अडीच कोस आम्ही चालत गेलो. वाटेत ती फार खुशीत होती. जमिनीच्या वेळी याच रस्त्यानं ती कशी एकटी यायची, कोणत्या लिंबाखाली बसून कांदा-भाकर खायची, ते सगळं सांगत होती. "तवा माह्याजोळ कोनी साक्षीदार नोता," ती म्हणाली. "आता तू हायेस." वाटेतूनच पळून जावं असं वाटलं, पण तिचा हात माझ्या हातात होता.

कचेरीतला कारकून म्हातारा होता, वाईट नव्हता. त्यानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं. "बाई, चिठ्ठीवर कोणाचं नाव नसतं. कोणाची कुठं गेली हे कसं सांगणार?"

"नाव नसो. एक चिठ्ठी पिवळ्या पेटीत निघाले पायजे का नाई? दाराकडची पेटी. म्या माह्या हातानं टाकली. हे माह्या भावाची पोरगी, चवथी पास हाय, इनं पेट्या मांडताना पाह्यल्या. इचारा तिले."

कारकुनानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय गं, दाराकडची पेटी पिवळी होती?"

साठ वर्षं होऊन गेली तरी त्या टेबलावरची दौत, तिच्याखाली दाबलेला टीपकागद, भिंतीवरचा ओलीचा डाग, सगळं मला दिसतं. हो म्हटलं असतं तर तिच्यासाठी खोटं बोलले असते. नाही म्हटलं असतं तर निदान खरं बोलले असते. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "मले आठवत नाई."

आत्याचा हात माझ्या हातात होता. तो क्षणभर तसाच राहिला आणि मग तिनं तो काढून घेतला, अगदी हळू. कारकुनाला ती म्हणाली, "जाऊ द्या साहेब. आंधळं मानूस. माह्यंच चुकलं असन." त्याला नमस्कार करून ती बाहेर पडली. बाजारात तिनं मला ठरल्याप्रमाणे रेवड्या घेऊन दिल्या, पुडी माझ्या हातात ठेवून "खा" म्हणाली. परतीच्या वाटेवर मात्र तिनं माझा हात धरला नाही. रस्त्याकडेच्या गवताला पाय घाशीत, गवत संपलं की थांबत, ती आपली आपण चालत आली. ठेचकाळली तेव्हा मी पुढं झाले, तर म्हणाली, "राहू दे." त्या पुडीतल्या रेवड्या मी खाल्ल्या. रडत रडत खाल्ल्या, पण खाल्ल्या.

तिनं घरी कोणाला काही सांगितलं नाही. पिवळ्या पेटीचं नावही पुन्हा काढलं नाही. गाव मारुतीचा चमत्कार सांगत राहिलं आणि ती ऐकून घेत राहिली. पाण्याची आमची पाळी चालू राहिली, मोट वाजत राहिली. दगडू आज साठीच्या पुढं गेला आहे आणि डॉक्टरांनी बजावूनही बिडी सोडत नाही. त्याच्याकडे पाहून कधी कधी मला वाटतं की आईच्या भीतीपुढं मी दुसरं काय करणार होते. पण ते खरं नाही. मला आईची भीती पटली नव्हती. मला फक्त धीर झाला नाही. ती पडद्याआड गेली तेव्हा शाळेच्या खिडकीतून हाक मारून सांगता आलं असतं, रस्त्यात सांगता आलं असतं, तहसिलीत सांगता आलं असतं. सगळ्यांना, सगळ्या बायकांना मत मिळालं तेव्हा आत्या राहिली नव्हती. म्हणजे तिच्या जन्मात तिला एकदाच मत मिळालं, आणि ते मी टाकलं. मी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. पाऊस असो, ताप असो, मी जाते. केंद्रावरची तरुण पोरं कौतुक करतात, आजींचा उत्साह बघा म्हणतात. मी त्यांना काही सांगत नाही.

मिरच्यांच्या राशीपुढं ती त्यानंतरही बसे, पण मला बोलावत नसे. देठ चाचपून, वास घेऊन, नखानं साल दाबून निवडी. तिचं चुके, हिरव्या लालांत जात. बाजारात बाबांना त्यावरून बोलणी बसत. पण तिनं मला पुन्हा रंग विचारला नाही. पुढं दगडू बोलायला लागला तेव्हा त्याला विचारू लागली, आणि त्याला तर लाल-हिरवा काही कळत नव्हतं.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आत्यानं मला आत बोलावलं. स्वतःच्या जमिनीच्या तुरीवर तिनं माझ्यासाठी लुगडं घेतलं होतं, बाबांना न सांगता कोणाकडून तरी मंगरूळपीरहून मागवलं होतं. गाठोडं सोडून तिनं ते माझ्यासमोर धरलं, अगदी मिरची धरायची तसं. आई दारात उभी होती.

"कोनता रंग हाय वं, सुभे?"

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मला विचारलं होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी म्हटलं, "हिरवा हाय, आत्या. हिरवागार."

तिनं मान हलवली. लुगड्यावरून एकदा हात फिरवला. मग आईच्या दिशेला तोंड वळवलं आणि विचारलं, "खरंच हिरवा हाय?"